ओव्हरसियरांचा एडका

आमच्या कारखान्याच्या हद्दीतल्या निम्म्या लोकांना ओव्हरसियरांचा चेहरा ठाऊक नव्हता. टक्कल मात्र सगळ्यांना ठाऊक होतं, कारण ते रस्त्यानं जायचे तेच मुळी टक्कल पुढं करून. खाली वाकड्या शिंगांची सायकल, ती शिंगं दोन्ही हातांनी धरून कमरेत मोडलेला माणूस, आणि सगळ्यात पुढं उन्हात चकाकणारं डोकं. बांधावरून कुणी "राम राम साहेब" म्हटलं तरी ते डोकं हलायचं नाही. माणूस निघून जायचा आणि राम राम तिथंच राहायचा.

मी त्यांच्या हाताखाली शेतकी खात्यात कारकून होतो. आता निवृत्त होऊन घरी बसलोय, गुडघे दुखतात, दुपारची झोप लागत नाही. अशा वेळी जी दोन-चार माणसं आठवतात त्यांत हे असतात. आणि ते आठवले की मला आधी थकवा येतो, हेही सांगून टाकतो. त्यांच्याबरोबर काम करणं म्हणजे दिवसभर एका पायावर उभं राहणं होतं. त्यांचं काही नाही, ते उभे राहायचे. आमचे पाय दुखायचे.

सहकारी साखर कारखान्याचा ओव्हरसियर म्हणजे काय चीज असते हे बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. कुणाचा ऊस कधी तोडायचा ते तो ठरवतो. नियम साधा आहे. ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी, आणि या पाळीलाच नंबर म्हणतात. ऊस वेळेत गेला तर त्याला वजन, उशीर झाला की उभ्या उभ्या वाळून चिपाड. म्हणून दिवाळीला बॉयलर पेटला की सगळ्या तालुक्याला ओव्हरसियर सोयरा वाटायला लागतो. कुणी शेंगांचं पोतं पाठवतं, कुणी नातवाच्या बारशाला बोलावतं, कुणी नुसतीच गाडी आडवी लावून खांद्यावर हात टाकतं. त्यात संचालकांची निवडणूक जवळ असली तर विचारूच नका. तुम्ही कुणाच्या राम रामाला हात वर केला आणि कुणाच्या नाही, यावरून तुम्ही कुठल्या पॅनलचे ते संध्याकाळपर्यंत ठरलेलं असायचं.

ती सायकल म्हणजे या सगळ्यावर ओव्हरसियरांनी काढलेला तोडगा होता. दोन्ही हात खाली गुंतलेले, मान खाली, नजर पुढच्या चाकावर. असा माणूस कुणाला हात करणार आणि कुणाला टाळणार? "नजर भेटली की नंबर हलला," असं ते म्हणायचे. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की माझ्या बायकोलाही पाठ होतं. भाजीवाल्याशी घासाघीस करताना ती मला डोळे मिटून घ्यायला सांगायची.

सायकल होती मात्र देखणी. परभणीला शेतकी शिकत असताना त्यांनी ती औरंगाबादच्या एका पलटणीतल्या माणसाकडून जुनीच घेतली होती. बारीक टायर, पातळ सीट, खालच्या दांड्याला गिअरच्या दोन इवल्या कांड्या, आणि एडक्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल. लोक तिला एडकाच म्हणायचे. परभणीत ते एका शर्यतीत दुसरे आले होते. पहिला कोण आला, असं विचारलं तर म्हणायचे, तोंड पाहिलं नाही, मागचं चाक तेवढं आठवतं. आमच्याकडचे रस्ते बाभळीच्या काट्यांचे, टायर दोन बोटंही रुंद नाही, त्यामुळं पंक्चर रोजचं. पण रस्त्यात पंक्चर काढत बसले तरी ते पाठ रस्त्याकडं करून बसायचे. कारखान्यानं त्यांना मोटारसायकल देऊ केली होती. कारखान्याचं पेट्रोल आधी टाकीत जातं आणि मग माणसाच्या अंगात भिनतं, असं म्हणून त्यांनी ती परत केली.

वर्षानुवर्षं खाली बघून त्यांना एक विद्या आली होती. ते माणसं पायांवरून ओळखायचे. टेबलासमोर कुणी येऊन उभं राहिलं की हे मान न उचलता चपला बघायचे आणि गावासकट नाव घ्यायचे. एकदा अध्यक्ष खात्यात आले. नवे बूट घालून आले होते. ओव्हरसियरांनी बूट पाहिले आणि "बाहेर बसा, नंबरानं बोलावतो," असं सांगितलं. अध्यक्षही बेरकी, ते खरंच बाहेर बाकावर जाऊन बसले. आम्ही मात्र पगार होईपर्यंत बदलीच्या हुकमाची वाट बघत होतो.

हंगामात ते कुणाच्या घरचं पाणी पीत नसत. लग्नांना जायचे, पण कारखाना बंद झाल्यावर. तोवर नवरी माहेरपणाला आलेली असायची. हे जोडप्याच्या हातात आहेर ठेवून शांतपणे जेवायला बसायचे. यातून त्यांनी सख्ख्या बहिणीलाही सोडलं नव्हतं. नांदूरघाटच्या अलीकडं रस्त्याला लागूनच तिचं घर, घरामागं दीड एकर. नवरा लवकर गेलेला. तिचा सगळा संसार त्या दीड एकरातल्या उसावर. ओव्हरसियर तिच्या दारावरून दिवसातून दोनदा जायचे आणि एकदाही थांबायचे नाहीत. दिवाळी ऐन हंगामात येते म्हणून भाऊबीज आषाढात व्हायची. ती बाईही भावाचीच बहीण. आषाढात दारात रांगोळी काढून ओवाळायची, शेजारपाजार हसायचा. तिनं कधी नंबर मागितला नाही. लागणीप्रमाणं यायचा तेव्हा तिचा ऊस जायचा.

मग पाऊस गेला. एक वर्ष कमी झाला, दुसऱ्या वर्षी झालाच नाही म्हटलं तरी चालेल. विहिरी बसल्या, टँकर सुरू झाले, आणि कारखाना चालवायलाच पाणी पुरेना. यंदा हंगाम थोडक्यात आटोपणार, हे सगळ्यांना कळून चुकलं. ज्याचा नंबर आधी लागेल त्याचा ऊस जाणार, मागं राहील त्याचा जनावरांच्या छावणीत वैरण म्हणून जाणार. आमच्या खात्यासमोर सकाळपासून माणसं बसायला लागली. भांडायचीही ताकद नसलेली माणसं, नुसती बसून राहायची.

नेमकं त्याच वर्षी ओव्हरसियरांच्या मानेनं दगा दिला. हाताला मुंग्या यायच्या, चक्कर यायची, ते कुणाला बोलले नाहीत. एक दिवस केजच्या रस्त्यावर सायकलवरून सरळ खाली आले. अंबाजोगाईला दाखवलं. डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं की मानेचे मणके झिजलेत, अशी मान वाकवून सायकल चालवलीत तर एक दिवस हात उचलणार नाहीत. सायकल सोडा, नाहीतर सरळ बसायची घ्या.

सायकल सोडणं शक्य नव्हतं. नवी घेणं त्यांच्या जिवावर आलं, कारण एडका अजून ठणठणीत होता. मग आम्ही दोघं केजच्या चाचांकडं गेलो. चाचा पिढीजात सायकलमिस्त्री. त्यांनी एडक्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "साहेब, इतकी चांगली शिंगं कावून काढायलेत?" ओव्हरसियर म्हणाले, मान. चाचांनी पाना उचलला.

काम वाटलं तितकं सोपं नव्हतं. सरळ हँडलचा पाइप बारीक निघाला, आणि एडक्याच्या ज्या तोंडात तो बसवायचा ते मोठं. चाचांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्याची पट्टी गुंडाळली, मग हँडल घट्ट बसलं. ब्रेकचे जुने खटके सरळ पाइपवर धरेनात, म्हणून लेडीज सायकलचे बसवले. वायरी नव्या टाकल्या. रुंद टायर चाकाच्या चिमट्यात जाईना, तेव्हा टायर तेच राहिले. मागं क्लिपा आवळून कॅरियर लावलं, मडगार्ड लावलं, आणि नको म्हणत असताना चाचांनी आपल्याकडून एक घंटीही लावून दिली. ओव्हरसियर एकच हट्ट धरून बसले होते, हँडल जमेल तितकं खाली ठेवा. चाचांनी ते वर ओढूनच पाना आवळला. म्हणाले, खाली ठेवायचं व्हतं तर मग शिंगंच काय वाईट व्हती?

त्या हँडलवर ओव्हरसियर बसले तेव्हा मला कसंसंच झालं. घरात पंचा गुंडाळून बसलेल्या माणसाला आपण अचानक जाऊन पाहावं, तसं. छाती समोर, हात आखडलेले, चेहरा उघडा पडलेला. त्यांचे डोळे घारे आहेत, हे मला इतक्या वर्षांनी तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी ते कामावर उशिरा आले. नोकरीत पहिल्यांदाच. रस्त्यानं जो तो राम राम घालत होता आणि समोर डोळे असताना न बघितल्यासारखं करणं त्यांना जमेना. एक हात सोडून राम राम करायचा तर बारीक टायरांवर तोल जायचा, म्हणून ते प्रत्येकासाठी पाय टेकून उतरायचे. बरं, समोरचा कोण ते चेहऱ्यावरून कळेना. आधी तोंडाकडं बघायचे, गोंधळायचे, मग पायांकडं बघायचे आणि म्हणायचे, "हां, तुमी व्हय." आम्ही पाठीमागं हसून घेतलं. हसायला दुसरं काही नव्हतंच त्या वर्षी.

खात्यात येऊन ते नुसते बसून राहायचे. लोकांची तोंडं लई वाळलीत रं, असं एकदा मला म्हणाले. मी म्हटलं, साहेब, ती दोन वर्षांपासून वाळलीत. तर म्हणाले, पायांवरून कळत नव्हतं.

आणि मग त्या आठवड्यात बहिणीनं त्यांना पाहिलं, की त्यांनी तिला पाहिलं म्हणा. ती रस्त्याच्या कडेला टँकरची वाट बघत उभी होती. मी मागं माझ्या सायकलवर होतो. ओव्हरसियर थांबले. तिचे केस पांढरे झालेले त्यांनी उन्हात पहिल्यांदाच बघितले असावेत. आषाढात ती डोक्यावर पदर घेऊन दिव्याच्या उजेडात असायची. ती घरात गेली आणि तांब्या घेऊन आली. त्या दिवसांत तांब्याभर पाणी म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. ओव्हरसियरांनी तांब्या तोंडाला लावला आणि सगळा संपवला. त्याच वेळी मोटारसायकलवरून दोघे जण गेले, वळून बघत गेले.

संध्याकाळी कारखान्याच्या गेटवरच्या हॉटेलात एकच विषय. ओव्हरसियरनं बहिणीच्या घरी पाणी प्यायलं, आता बघा, तिचा ऊस आधी जातो का नाही ते. आणि गंमत अशी, की तिचा नंबर दोनच दिवसांवर आला होता. लागणीप्रमाणं, सरळ, हक्काचा. पाटोद्याकडच्या ऊसतोड मजुरांची एक टोळी शेजारच्या शिवारात तोड करत होती, ती तिथून उठून तिच्या फडात जाणार होती. मी ओव्हरसियरांना म्हटलं, बोलू द्या लोकांना, नंबर तिचाच आहे.

"तिचाच हाय," ते म्हणाले. "पण आता ते कुणाला दिसणार न्हाई."

त्यांनी टोळी पुढच्या गावाला पाठवली. चार दिवसांनी वळवून आणू, म्हणाले, तोवर लोक इसरतेत. मी नको म्हटलं, एकदा नाही, दोनदा म्हटलं. पण ज्या माणसानं जन्मभर स्वतःवर डाग पडू दिला नाही, त्याला डागाची भीती आपल्यापेक्षा जास्त असते. आपल्या अंगावर आधीच चार असतात, पाचवा कुठं दिसतो.

चार दिवस काही आले नाहीत. तिसऱ्याच दिवशी पाणी संपलं म्हणून कारखाना बंद झाला. भोंगा वाजला, टोळ्यांनी कोयते बांधले आणि त्या निघून गेल्या. बहिणीचा दीड एकर उभाच राहिला. तिच्या पुढच्यांचा गेला, तिच्या मागच्याही एका गावाचा गेला, मधला तिचा तेवढा राहिला.

कारखान्यानं वजनकाट्यामागच्या मैदानात छावणी उघडली आणि आम्हा सगळ्यांना तिथं वैरण वाटायच्या कामाला लावलं. एका दुपारी बहीण बैलगाडीत आपला ऊस भरून घेऊन आली. गाडी स्वतः हाकत. पाचट पिवळं पडलेलं, कांड्या आकसलेल्या. तिनं गाडी सोडली आणि ओव्हरसियरांच्या समोर येऊन उभी राहिली. ते तिच्या पायांकडं बघत होते.

"दादा, मी तुला नंबर मागितलता का?"

"न्हाई."

"मंग माझा हक्काचा नंबर तू कुणाला दिलास?"

"कुणाला न्हाई दिला. मागं ठिवला."

"कावून?"

आसपासची माणसं वैरण सोडून बघायला लागली. ती चढ्या आवाजात बोलली नाही, तिच्यात तेवढं बळही नव्हतं.

"तुला लोकांची लाज वाटली," ती म्हणाली. "माझी न्हाई वाटली."

मग ती बैलांना पाणी दाखवायला गेली. ओव्हरसियरांनी तिच्या गाडीतल्या मोळ्या एकेक करून उतरवल्या आणि दावणीला नेऊन टाकल्या. मी हात लावायला गेलो तर मला बाजूला सारलं. मानेला पट्टा होता, तरी सगळी गाडी त्यांनीच रिकामी केली. मला त्यांचा राग आला होता आणि त्यांची दयाही येत होती, आणि दोन्हींचा काही उपयोग नव्हता. संध्याकाळी हात धुताना ते म्हणाले, इतके दिवस मी नियम पाळतो असं वाटत व्हतं मला, मी तर माझं नाव पाळत व्हतो. त्यानंतर या विषयावर ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. त्या आषाढात ते बहिणीकडं गेले होते का, ते मला माहीत नाही. विचारायचा धीर झाला नाही.

पुढच्या वर्षी कारखाना पेटलाच नाही. त्याच्या पुढच्या वर्षी मात्र पाऊस झाला होता, उसाच्या लागणी झाल्या होत्या, आणि दिवाळीला चिमणीतून पुन्हा धूर निघाला. पुन्हा शेंगांची पोती, पुन्हा बारशी. ओव्हरसियर सरळ हँडलवर ताठ बसून फिरत होते आणि बहिणीचा नंबर जवळ येत होता. लोकांचं लक्ष होतंच. यंदा ओव्हरसियर काय करतो ते बघू, असं उघड चाललं होतं.

नंबराच्या आदल्या दिवशी भर दुपारी ते मला म्हणाले, चल, जेवायला जायचंय. आम्ही तिच्या दारात उतरलो. त्यांनी एडका रस्त्यावरून दिसेल असा ओट्यासमोर उभा केला आणि रस्त्याकडं तोंड करून ओट्यावर मांडी घातली. "वाढ बाई," एवढंच म्हणाले. ती आत गेली आणि ताटं घेऊन आली. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा, आणि कांदा फोडून. मी ताटात मान घालून बसलो. रस्त्यानं जाणारं प्रत्येक माणूस बघत होतं आणि ओव्हरसियर प्रत्येकाला उष्टा हात वर करून म्हणत होते, "राम राम, या जेवायला." तिनं पाणी दिलं, ते प्यायले. दुसऱ्यांदा भाकरी घेतली.

एका संचालकाची जीप आली, हळू झाली, थांबली. आतून त्यांनी ओट्याकडं पाहिलं, मग ओट्यामागच्या उसाकडं.

"उद्या हिचा नंबर हाय," ओव्हरसियर आपणहून म्हणाले. "लागणीपरमानं."

"हाय की," संचालक म्हणाले. "कोण न्हाई म्हणतंय?" आणि हसले. जीपमधले बाकीचेही हसले. आपल्यातलाच एखादा सापडल्यावर माणसं हसतात, तसं ते हसणं होतं. जीप गेली. ओव्हरसियरांनी उरलेली भाकरी संपवली, ताटात हात धुतला, आणि बहिणीला म्हणाले, सकाळी टोळी येईल, त्यांच्या चहाचं बघ.

सकाळी टोळी आली. दुपारपर्यंत फड मोकळा झाला. ती बांधावर उभी राहून शेवटची गाडी डोळ्याआड होईपर्यंत बघत होती.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत ओव्हरसियरांच्या मागं माणसांची रांग लागली. आता हा खातो, असं ठरलं होतं ना. दारात तुपाचे डबे यायचे, हे परत पाठवायचे. परत आलेला डबा बघून लोक म्हणायचे, कमी पडला वाटतं. पुढं एकही नंबर त्यांनी हलवला नाही. मी त्याच खात्यात बसून होतो, मला माहीत आहे. पण त्यावर कुणाचा विश्वास बसला नाही आणि त्यांनीही कुणाला पटवायचा प्रयत्न केला नाही. राम राम घातला की पाय टेकून उतरायचे, राम राम करायचे, आणि पुढं जायचे.

ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा एका लग्नात त्यांचं नाव निघालं. पंगतीत शेजारी बसलेला म्हातारा म्हणाला, "लई इमानदार माणूस व्हता, पर शेवटाला बहिणीपायी बिघडला." बाकीच्यांनी माना डोलावल्या. पूर्वी मी अशा वेळी वाद घालायचो, सगळं पहिल्यापासून सांगायचो. आता सांगत नाही. मी वरण मागितलं आणि जेवत राहिलो.